दोन हजार सायकली मोजल्या कधी?

बदलापूर स्टेशनवर ते साहेब आजही दिसतात आणि मला पाहिलं की मान फिरवतात. बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या कंपनीत दोन लाख घातलेले. मी लबाड नव्हतो हे त्यांना केव्हाच कळलंय. पण ज्यांना ज्यांना त्यांनी उलटं सांगितलं, त्यांच्याकडे परत जाऊन ते खरं सांगणार नाहीत. म्हणून मी लिहितोय.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आमचा गाळा. अकरा जणांनी मिळून बावीस लाख दिले होते, सगळे नात्यातले नाहीतर ओळखीतले. स्कूटरसाठी लिथियमचे पॅक बांधायचे. सेल बाहेरून यायचे; बांधणी, वेल्डिंग आणि बीएमएसची, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची, जुळणी आमची. सोळा सिरीज, पाच पॅरलल, एका पॅकला ऐंशी सेल. धंदा नीट चालला होता.

मग २०२२चा मार्च आला. पुण्यात भर रस्त्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. एप्रिलमध्ये नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या वीस स्कूटर जळाल्या. आमचे सेल एलएफपीचे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे. हे रसायन तापून भडकायला जास्त तापमान लागतं आणि त्यातून उष्णताही कमी निघते. मी अकराही जणांना फोनवर हेच सांगत होतो. पण घाबरलेल्या माणसाला रसायन सांगून उपयोग नसतो, हे तेव्हा मला कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, गाळ्यावर या, समोरासमोर बोलू.

वार शुक्रवार ठरला, कारण शुक्रवारी आमच्याकडे वीज बंद आणि कारखान्यांना सुट्टी. मे महिना, डोक्यावर पत्रा, पंखे बंद. साहेब येताना भाच्याला घेऊन आले, कोणी सल्लागार म्हणून. भाच्याने पिशवीतून ताणकाटा काढला, पॅक टांगला आणि मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. वजन भरलं सोळा किलो. आमच्या पत्रकावर छापलं होतं, किलोला १३२ वॉट-तास. पॅकची ऊर्जा १५३६ वॉट-तास, भागिले सोळा, उत्तर ९६. साहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा! सव्वाशेच्या वर सांगतात आणि शंभरसुद्धा नाही."

१३२ हा एका सुट्ट्या सेलचा आकडा होता. पॅकमध्ये होल्डर, निकेलच्या पट्ट्या, वायरी, पेटी हे सगळं वजन वाढतं आणि ऊर्जा तेवढीच राहते. मला हे शांतपणे सांगता आलं असतं. पण त्या शूटिंगमुळे माझं डोकं फिरलं आणि तोंडून गेलं, "सगळेच सेलचा आकडा लिहितात." जो कोणी धंदा करतो त्याला माझं सांगणं आहे, हे वाक्य पैसे लावणाऱ्यासमोर कधीही उच्चारू नका. "सगळेच करतात" म्हटलं की आपणही करतो हे आपणच कबूल केलेलं असतं.

तरीही त्या दिवशी मला पाडलं ते साहेबांनी नाही. कोपऱ्यात आमच्या बाई बसल्या होत्या. आठवीला त्यांनी मला गणित शिकवलं. पॅकचं आयुष्य दोन हजार सायकली, असंही पत्रकावर छापलेलं होतं. त्यांनी ते पत्रक उलटं केलं, पेन काढलं आणि विचारलं, "एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरणं आणि एकदा पूर्ण रिकामं करणं ना? किती वेळ लागतो?" म्हटलं, दोन तास भरायला, दोन रिकामं करायला, मध्ये अर्धा-अर्धा तास थांबायचं. पाच तास. बाईंनी लिहिलं, दोन हजार गुणिले पाच, दहा हजार तास. भागिले चोवीस, चारशे सतरा दिवस. "आणि तुझं हे मोजायचं यंत्र कधी आलं?"

यंत्र येऊन सात महिने झाले होते. त्यात शुक्रवारी वीज नसायची.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग दोन हजार सायकली मोजल्या कधी?" कोणी काही बोललं नाही. साहेबांनासुद्धा तो प्रश्न कळायला वेळ लागला. मला तर उभ्या उभ्या घाम फुटला. तो आकडा सेल बनवणाऱ्याच्या कागदावरचा होता. पंचवीस अंश तापमानाला, निम्म्या वेगाने, क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंत. आमच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात पंचवीस अंश कुठले? तो आकडा मी स्वतःच्या कंपनीच्या नावाखाली छापला, त्याची अट मात्र गाळली. खोटं बोलायचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. पण स्वतः न मोजलेलं मोजल्यासारखं सांगितलं होतं.

शनिवारी वीज आल्याबरोबर पॅक उघडला. बीएमएसचा तापमान मोजणारा थर्मिस्टर पेटीच्या कडेला चिकटवलेला, तिथे ४४ अंश. मधल्या ओळीतले दोन सेल सरकवून दुसरा थर्मिस्टर आत घातला आणि एक डिस्चार्ज लावला. शेवटच्या वीस मिनिटांत आतला आकडा ५७वर गेला. कडेचे सेल शांत आणि पोटातले भाजतायत, आणि आमचं बीएमएस सगळं ठीक आहे म्हणतंय. मी यंत्र बंद केलं आणि त्याच दिवशी अकराही जणांना लेखी कळवलं.

साहेबांनी त्या पत्राचं काय केलं ते ऐका. ते पत्र घेऊन ते उल्हासनगरला आमच्या वायर आणि कनेक्टरच्या व्यापाऱ्याकडे गेले आणि कंपनी बुडतेय म्हणून सांगून आले. त्याने आमची उधारी बंद केली. मी हिशेब दाखवत नाही, असंही साहेबांनी पसरवलं. याच साहेबांनी सुरुवातीला दोन लाख रोख पाकिटात आणले होते. मी पाकीट परत पाठवलं, कारण खासगी कंपनीला ओळखीच्या लोकांकडून शेअरचे पैसे घेताना रोख चालत नाही. कंपनी कायद्याच्या कलम ४२प्रमाणे ते बँकेतूनच यावे लागतात, वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि साठ दिवसांत शेअर द्यावे लागतात. तेव्हा तेच मला म्हणाले होते, "एवढं काय कायद्याचं?"

पैसे लावणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. बॅटरीची कंपनी समोर आली तर तिला आकडा विचारू नका, आकड्याची अट विचारा. सेलचा की पॅकचा? किती तापमानाला? किती वेगाने? किती क्षमता उरेपर्यंत? आणि बाईंसारखं तास मोजा. कंपनीचे ताळेबंद सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शंभर रुपये भरून बघता येतात, ते बघा. ओळखीवर पैसे देऊ नका, ही नेहमीची गोष्ट आहे, पण खरी आहे.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेतली क्वांटमस्केप घ्या, जगदीप सिंग तेव्हा तिचे प्रमुख. डिसेंबर २०२०मध्ये त्यांनी घनरूप बॅटरीचे आलेख दाखवले, ते तापमान, वेग आणि दाब यांच्यासकट. तरी प्रश्न आलेच, कारण चाचणी एकाच थराच्या सेलवर होती आणि गाडीला अनेक थरांचे सेल लागतात. मला त्यात शंका घेणाऱ्यांचा दोष दिसत नाही. अट लिहिलेली होती म्हणूनच प्रश्न नेमका विचारता आला. आमच्या पत्रकावर अटच नव्हती, म्हणून माझ्या वाट्याला प्रश्नाऐवजी ताणकाटा आला.

स्कूटरच्या त्या आगींनंतर सरकारने एआयएस १५६ हे त्यांच्या बॅटरीचं मानक कडक केलं, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२पासून, दुसरा ३१ मार्च २०२३पासून. एक सेल पेटला तर आग पसरून पॅकबाहेर येऊ नये, पाण्यात बुडवूनही पॅक टिकावा, अशा चाचण्या आल्या. त्या योग्यच आहेत. उल्हास नदीचं पाणी रस्त्यावर येतं तेव्हा बदलापुरात गाड्या कुठपर्यंत बुडतात ते आम्ही पाहिलंय. पण तेवढा खर्च आमच्या गाळ्याला झेपणारा नव्हता. स्कूटर सोडली आणि इन्व्हर्टरच्या पॅककडे वळलो.

सेलच्या ओळींमध्ये जागा सोडून, थर्मिस्टर पोटात बसवून नवा पॅक यंत्रावर चढवला. दर शंभर सायकलींना अकराही जणांना एक कागद जायचा, आकडा वाईट असला तरी. १४६० सायकलींना पॅकची क्षमता ८० टक्क्यांवर आली. आता आमच्या पत्रकावर १४०० छापलंय आणि त्याच ओळीत, त्याच टायपात तापमान.

साहेबांना तोवर थांबायचं नव्हतं. त्यांचे शेअर बाईंनी घेतले, मूळ किमतीला, चेकने.