जहाजाची प्रतिकृती : काय लहान होते आणि काय होत नाही

एक जहाज ४६ मीटर लांब आहे. त्याची १:१०० या प्रमाणात प्रतिकृती केली तर ती किती लांब होईल? ४६ सेंटिमीटर, हे कोणीही सांगेल. मग तिचे वजन किती असावे? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुले तरी ‘मूळ वजनाच्या शंभराव्या भागाइतके’ असे उत्तर देतात. जहाज १४५० टनांचे असेल तर या हिशेबाने प्रतिकृती साडेचौदा टनांची व्हावयास हवी! टेबलावर ठेवायच्या वस्तूला यारी लागेल.

चूक कोठे झाली हे तुमच्या लक्षात आले असेलच. लांबी शंभर पटींनी कमी झाली, तशी रुंदी आणि उंचीही शंभर पटींनी कमी झाली. म्हणून घनफळ १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख पटींनी कमी झाले. १४५० टनांचे दहा लाख भाग केले की एक भाग १.४५ किलोग्रॅमचा होतो. ४६ सेंटिमीटर लांबीच्या लाकडी वस्तूला हे वजन शोभते.

हे आकडे मनाने घेतलेले नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली ‘ट्रिंकोमाली’ नावाची एक लढाऊ नौका बांधली गेली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ती सागवानाची आहे आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. तिची लांबी सुमारे ४६ मीटर, रुंदी सुमारे १२ मीटर आणि वजन सुमारे १४५० टन. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकन नौदलाने लढाईत जिंकले. त्याबरोबर नकाशेही गेले आणि नव्या प्रती इंग्लंडहून मागवाव्या लागल्या. सांगायचा मुद्दा असा, की खरे जहाजही कागदावरच्या लहान जहाजावरूनच बांधले जाते. प्रतिकृती करणारा त्याच कागदावरून काम करतो, फक्त मोठे करण्याऐवजी लहान करतो.

हा कागद वाचता येणे ही या छंदाची पहिली पायरी होय. त्यावर जहाज तीन बाजूंनी काढलेले असते : बाजूने, वरून आणि समोरून. वरून काढलेल्या चित्रात एकात एक बसणाऱ्या लांबट वक्ररेषा दिसतात. जहाज ठरावीक उंचीवर आडवे कापले तर कापलेल्या जागेचा जो आकार दिसेल तो प्रत्येक रेषा दाखवते. डोंगराच्या नकाशात समोच्च रेषा असतात, तसाच हा प्रकार. नवशिक्याने याच रेषांचा उपयोग करावा. एक सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांवर (किंवा पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून केलेल्या तितक्याच जाडीच्या थरांवर) एकेक रेषा गिरवावी, कापावी, थर एकावर एक चिकटवावेत आणि पायऱ्यांच्या कडा कानस व पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत कराव्यात. आतून थर पोकळ केले तर जहाज हलके होते आणि खाली वजन ठेवायला जागा मिळते. कणा, त्यावर फासळ्या आणि फासळ्यांवर फळ्या ही खऱ्या जहाजासारखी पद्धत अधिक सुंदर खरी, पण माझ्या मते तिला दुसऱ्या किंवा तिसऱ्या जहाजापर्यंत हात लावू नये.

थरांच्या पद्धतीचा एक फायदा पुस्तकांत फारसा सांगितलेला नसतो. प्रत्येक थर कापण्याआधी तो आलेख कागदावर ठेवून गिरवा आणि चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. उदाहरणादाखल, पाण्याखाली राहणाऱ्या पाच थरांची क्षेत्रफळे खालून वर ११५, २३०, ३१०, ३६५ आणि ३९५ चौरस सेंटिमीटर आली असे समजा. प्रत्येक थर एक सेंटिमीटर जाडीचा, म्हणून एकूण घनफळ १४१५ घन सेंटिमीटर झाले. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार गोड्या पाण्यात ठरलेल्या रेषेपर्यंत बुडण्यासाठी तुमच्या जहाजाचे वजन १४१५ ग्रॅम असले पाहिजे. एक खिळाही न ठोकता हे तुम्हाला कळले! समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट असते. म्हणून तेच जहाज समुद्रात तेवढेच बुडावे असे वाटत असेल तर त्याचे वजन १४५० ग्रॅम हवे. पस्तीस ग्रॅमचा हा फरक स्वयंपाकघरातल्या काट्यावरही दिसतो.

हाच फरक खऱ्या जहाजांच्या अंगावर रंगवलेला असतो. मालवाहू जहाजाच्या बाजूवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ असते. शेजारी शिडीसारख्या आणखी काही रेघा असतात. त्यांपैकी गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेच्या वर असते, कारण नदीत तेच जहाज अधिक बुडते. एकोणिसाव्या शतकात विम्याच्या भरवशावर जहाजे वाटेल तेवढी भरून समुद्रात पाठवली जात आणि खलाशी बुडून मरत. सॅम्युएल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराने त्याविरुद्ध लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजांवर ही खूण सक्तीची झाली. वर्तुळाचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. १:१०० मध्ये तो ३ मिलिमीटर होईल. एवढेसे वर्तुळ हाताने रंगवणे कठीण, पण ते गाळू नका.

प्रतिकृतीच्या बारकाव्यांविषयी बोलायचे तर प्रमाणाचा नियम सर्वत्र सारखाच कडक असतो. डेकवर एक खलाशी उभा आहे असे समजा. तो १.७ मीटर उंचीचा असेल तर प्रतिकृतीत १७ मिलिमीटर भरेल. पुठ्ठ्याचा असा एक खलाशी कापून कामाच्या टेबलावर ठेवून द्या. तो तुमचा सर्वांत चांगला परीक्षक ठरेल. दारातून तो आत जाऊ शकतो का? कठडा त्याच्या छातीपर्यंत येतो की डोक्यावरून जातो? डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोरांवर शिडीसारख्या आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. त्यांवरून त्याला चढता येईल का? नवशिक्याच्या जहाजावर या दोऱ्या बहुधा एकेक सेंटिमीटर अंतरावर असतात. म्हणजे बिचाऱ्या खलाशाला मीटर-मीटर उंच पाऊल टाकावे लागेल! साडेतीन मिलिमीटर अंतर योग्य.

दोऱ्याच्या जाडीचेही तसेच. मूळ दोर ६ सेंटिमीटर जाडीचा असेल तर प्रतिकृतीत तो ०.६ मिलिमीटरचा झाला. पण एक सेंटिमीटरची दोरी ०.१ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ माणसाच्या केसाइतकी. शिवणकामाचा साधा दोरा येथे नांगराच्या दोरखंडासारखा दिसेल. शिवाय सुती दोऱ्याला लव असते आणि तीही शंभर पट मोठी वाटते. दोरा मेणाच्या गोळ्यावरून दोन-तीन वेळा ओढून घेतला की लव बसते. रंगाच्या बाबतीत तर हिशेब मजेदार होतो. जाड ब्रशने दिलेला रंगाचा थर ०.१ मिलिमीटरचा असला तर तो जहाजावर एक सेंटिमीटर जाडीचा लेप झाला. त्याखाली फळ्यांच्या सांध्यांच्या रेघा बुजून जातात. म्हणून रंग पातळ करून अनेक हात द्यावेत. आणि काळा म्हणून शुद्ध काळा देऊ नये, किंचित राखाडी द्यावा. खरे जहाज आपण दुरून पाहतो आणि मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश त्याच्या रंगात मिसळतो. दोन हातांवरच्या प्रतिकृतीला ती हवा मिळत नाही.

येथपर्यंत काचेच्या पेटीतले जहाज झाले. आता ते पाण्यात सोडू या. आकार तंतोतंत, वजन तंतोतंत. मग ते मूळ जहाजासारखेच वागेल का?

नाही. तलावावर ताशी १८ किलोमीटरचा सुखद वारा वाहत असेल, तर शिडे लावलेली तुमची ‘ट्रिंकोमाली’ आडवी होण्याची दाट शक्यता आहे. कारण पाहा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्याला शिडाच्या क्षेत्रफळाने आणि शिडाच्या उंचीने गुणले की कलंडवणारे आघूर्ण मिळते. क्षेत्रफळ १०,००० पट कमी आणि उंची १०० पट कमी झाली, म्हणून त्याच वाऱ्यात हे आघूर्ण १०,००,००० पट कमी होते. पण जहाजाला सरळ करणारे आघूर्ण वजन गुणिले अंतर असे असते. वजन १०,००,००० पट कमी आणि अंतर आणखी १०० पट कमी झाले, म्हणून ते १०,००,००,००० पट कमी होते! तोल साधायचा तर वाऱ्याचा वर्ग शंभर पट, म्हणजे वेग दहा पट कमी हवा. उलट बाजूने सांगायचे तर ताशी १८ किलोमीटरची झुळूक प्रतिकृतीला ताशी १८० किलोमीटरच्या चक्रीवादळासारखी आहे. म्हणूनच शर्यतीच्या छोट्या शिडाच्या होड्यांना तळाशी लांब पाते आणि त्याच्या टोकाला शिसे लावतात. ते मूळ जहाजात नसते. प्रतिकृतीच्या प्रामाणिकपणाला मुरड घातल्याखेरीज ती तरत नाही.

जहाज कलंडते की सरळ होते हे कशावर ठरते? जहाज कलले की पाण्याखालचा आकार बदलतो आणि प्लावक बलाचा बिंदू कललेल्या बाजूला सरकतो. त्या बिंदूतून वर काढलेली उभी रेषा जहाजाच्या मधल्या रेषेला जेथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर जहाज सावरते, वर असेल तर उलटते. पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली हा विचार मांडला. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १० ऑगस्ट १६२८ रोजी, स्वीडनचे नवे कोरे ‘वासा’ हे युद्धनौकांचे भूषण स्टॉकहोमच्या बंदरातून निघाले आणि सुमारे १३०० मीटर जाताच हलक्या वाऱ्याने कलून, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरून बुडाले. सुमारे ३० माणसे गेली. विशेष म्हणजे निघण्यापूर्वी ३० खलाशांना डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे पळवून परीक्षा घेतली होती. जहाज इतके डोलू लागले की तीन खेपांनंतर परीक्षाच थांबवली. जहाज मात्र थांबवले नाही. १९६१ साली ते वर काढले गेले आणि आज तेथील संग्रहालयात मूळ जहाजाशेजारी त्याची १:१० प्रतिकृती रंगांसह उभी आहे.

ती परीक्षा आज अधिक शांतपणे घेतात आणि तुम्हीही घेऊ शकता. प्रतिकृती टबात तरंगत ठेवा. डोलकाठीला २० सेंटिमीटर लांबीचा ओळंबा टांगा आणि त्याच्या टोकापाशी मोजपट्टी आडवी चिकटवा. डेकच्या एका कडेवर २० ग्रॅमचे वजन ठेवा व ओळंब्याची जागा टिपा. मग वजन १० सेंटिमीटर पलीकडे, दुसऱ्या कडेला सरकवा. ओळंबा २ सेंटिमीटर सरकला असे समजा. २ भागिले २०, म्हणजे ०.१ हे कलाचे गुणोत्तर झाले. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरची उंची अशी मिळते : (२० × १०) ÷ (१४१५ × ०.१) = सुमारे १.४ सेंटिमीटर. मूळ जहाजात ती १.४ मीटर होईल. वजन फार मोठे घेऊ नका, कारण हे सूत्र लहान कोनांपुरतेच खरे आहे. शिक्षकांनी हा प्रयोग साबणाच्या डब्यावरही करून घ्यावा. डब्याच्या तळाशी वजन ठेवून, म्हणजे खलाशांच्या भाषेत नीरम भरून, एकदा मोजावे आणि तेच वजन काठीवर उंच बांधून पुन्हा मोजावे. बांधून पूर्ण झालेल्या खऱ्या जहाजावरही हीच परीक्षा घेतली जाते.

लाटांचे गणित विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने सोडवले. त्याने एकाच आकाराची ३, ६ आणि १२ फूट लांबीची जहाजे ओढून पाहिली. वेगाला लांबीच्या वर्गमुळाने भागून येणारी संख्या सारखी असली तर लाटांचा नमुनाही सारखा दिसतो, असे त्याला आढळले. १८७२ साली टॉर्की येथे त्याने खास हौद बांधून त्यात मेणाची जहाजे ओढली. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत असा ५०० मीटर लांबीचा हौद आहे. या नियमाने १:१०० प्रतिकृतीचा वेग दहा पट कमी हवा : मूळ जहाज सेकंदाला ५ मीटर जात असेल तर प्रतिकृती सेकंदाला अर्धा मीटर. डोलण्याचा काळही दहा पट कमी होतो. ८ सेकंदांत एक हेलकावा घेणारे जहाज टबात ०.८ सेकंदात घेईल. ही लगबग झाकण्यासाठीच चित्रपटात छोट्या जहाजांचे चित्रण जलद गतीने करून संथ दाखवतात. १:१६ च्या जहाजाला चौपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रे.

पण एका गोष्टीला कोणतीही युक्ती चालत नाही. पाण्याचे पृष्ठताण लहान होत नाही. सुमारे १.७ सेंटिमीटरपेक्षा आखूड लाटांवर गुरुत्वापेक्षा पृष्ठताणाचीच सत्ता अधिक चालते. आणि पाण्याचा थेंब तीन-चार मिलिमीटरचाच राहतो. तुमच्या डेकवर उडालेला थेंब पुठ्ठ्याच्या खलाशाशेजारी ठेवून मोजा : त्याच्या गुडघ्याएवढा, हातभर व्यासाचा पाण्याचा गोळा!