आजचं चिंतन: दसवंध

शीख धर्मात कमाईचा दहावा हिस्सा गुरूच्या नावाने लंगरसाठी, गरजूंसाठी काढतात. तोच दसवंध. आज मी गुरू ग्रंथ साहिबमधला, सारंग रागाच्या वारेतला गुरू नानकांचा श्लोक वाचला. आधी कष्टाने कमव, मग त्यातलं दे, हा त्याचा आशय. मला हा क्रमच महत्त्वाचा वाटतो. जनमसाखीत नानकदेव श्रीमंत मलिक भागोची पंगत नाकारतात आणि सुतार भाई लालोची जाडीभरडी रोटी खातात. कारण भागोचं धन गरिबांना पिळून आलेलं. म्हणजे वाईट कमाई दानाने धुऊन निघत नाही. मित्रांनो, पगार जमा झाला की खर्चाआधी दोन प्रश्न विचारूया. हा पैसा कसा आला? आणि यातला पहिला वाटा कुणाचा? उरलंसुरलं देणं म्हणजे दसवंध नव्हे.