मर्केल पेशी कर्करोग : ऊतिपरीक्षणाद्वारे निदान

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन वृत्त, स्थिर, मंदरुज, चिरवृद्धी व अपाक असे केले आहे. मर्केल पेशी कर्करोगाची त्वचेतील गाठ बहुधा घट्ट, वेदनारहित व न पिकणारी असते. परंतु ती चिरवृद्धी नसते. काही आठवड्यांत वा महिन्यांत ती झपाट्याने वाढते. हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा.

हा व्याधी विरळ, पण अत्यंत आक्रमक आहे. १९७२ साली टोकर यांनी त्याचे वर्णन केले. २००८ साली बहुसंख्य अर्बुदांत एक पॉलिओमा विषाणू आढळला. इतर रुग्णांत सूर्यकिरणांमुळे झालेली हानी कारणीभूत दिसते. पन्नाशीपुढील वय, दुर्बल प्रतिकारशक्ती, चेहरा, मान किंवा हातावरील लाल-जांभळी गाठ ही लक्षणे संशय उत्पन्न करतात. निदान मात्र ऊतिपरीक्षणानेच होते.

सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, निळसर रंगलेल्या पेशींचे पुंज दिसतात. पेशीद्रव्य अल्प व विभाजन विपुल असते. फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग, लिम्फोमा व मेलॅनोमा यांतही असेच चित्र दिसू शकते. म्हणून प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशींतील विशिष्ट प्रथिने शोधतात. मर्केल कर्करोगात सीके-२० हे प्रथिन केंद्रकालगत ठिपक्यासारखे रंगते व टीटीएफ-१ सामान्यतः आढळत नाही. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात बहुधा याउलट असते. एलसीए लिम्फोमाकडे, तर एस-१०० मेलॅनोमाकडे निर्देश करते. एकाच चाचणीवर विसंबू नये. काही मर्केल अर्बुदांत सीके-२० नसते.

येथे वैद्याचे कर्तव्य स्पष्ट आहे. अशा गाठीवर परीक्षणापूर्वी क्षारकर्म अथवा अग्निकर्म करू नये. त्याने ऊती नष्ट होऊन निदानाचा आधारच जातो. उपनाहाने ती पिकेल म्हणून थांबू नये. रुग्णास त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठवून बायोप्सी करवावी. काढलेला भाग कितीही क्षुल्लक वाटला तरी टाकू नये. तो स्पिरिटमध्ये न ठेवता सुमारे दसपट दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. सोबतच्या चिठ्ठीत वय, स्थान, वाढीचा कालावधी व पूर्वीचे उपचार नमूद करावेत.

औषधालयचालकांनीही वृद्ध ग्राहकास वेगाने वाढणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठीसाठी केवळ लेप देऊन परत पाठवू नये. निदान लवकर झाल्यास शस्त्रकर्म व किरणोपचार अधिक फलदायी ठरतात. २०१७ पासून प्रतिकारशक्तीस चालना देणारी अव्हेलुमॅबसारखी औषधेही उपलब्ध झाली आहेत. लसीकाग्रंथींत प्रसार झाल्यावर मात्र साध्यासाध्यतेचे गणित बदलते. गाठ दुखत नाही, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरवू नये.