जळलेली साखर आणि थंड कॉफी

वैशाखात बडोद्याचा पारा बेचाळीस अंशांच्या वर चढू लागला, की पन्हे, कोकमाचे सरबत, ताक आणि उसाचा रस यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु अलीकडे या मंडळीत एका नव्या पाहुण्याने प्रवेश केलेला आहे. विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातील आवडते पेय विचारले, तर निदान चार-पाच जण तरी 'आइस्ड कॅरमल मॅकियाटो' असे उत्तर देतात. उंच, पारदर्शक पेला. तळाशी मधासारखा पाक, त्यावर पांढरे दूध, सर्वांत वर काळसर कॉफी, आणि सर्वत्र तरंगणारा बर्फ. वातानुकूलित दुकानात बसून एका पेल्यास दोन-तीनशे रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे कशाचे, असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच पेल्याची उकल करणार आहोत. कारण त्यात साखर, कॉफी, दूध आणि बर्फ यांवाचून पाचवी वस्तू नाही, आणि यंत्रावाचून अडावे असेही काही नाही.

प्रथम नावाविषयी. 'मॅकियाटो' हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ 'डाग पडलेली' असा होतो. मूळ मॅकियाटो म्हणजे दुधाचा किंचित डाग पडलेली कडक कॉफी. १९९६ मध्ये स्टारबक्स या अमेरिकन कंपनीने आपल्या कॅरमल मॅकियाटोत हा क्रम उलटा केला : दूध खाली, कॉफी वर. म्हणजे येथे डाग कॉफीचा पडतो आणि तो दुधावर पडतो. 'कॅरमल' हा शब्द मात्र आम्हा कोकणीभाषकांस अगदीच परका नाही. गोव्यातील घरांत भांड्याच्या तळाशी साखर जाळून तिच्यावर अंडी-दुधाचे पुडिंग उकडण्याची चाल जुनी आहे. पोर्तुगीज भाषेत 'कारामेलो' या शब्दाचा जळक्या साखरेबरोबरच 'गोठलेले पाणी' असाही एक अर्थ आहे. बर्फ घातलेल्या या पेयाला त्यामुळे हे नाव दोन्ही बाजूंनी शोभते.

स्वयंपाकघराच्या गोष्टी शास्त्राच्या अंगाने लिहिण्यास बडोद्यासारखे गाव नाही. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली, श्रीमती हंसा मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, तेथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. चूल ही देखील एक प्रयोगशाळाच होय, ही गोष्ट या नगरीने इतक्या आधी मान्य केलेली आहे.

आता साखरेकडे वळू. आपल्या घरांतील जाणत्या स्त्रियांना पाकाच्या पायऱ्या तोंडपाठ असतात : एकतारी, दोनतारी, गोळीबंद. वस्तुतः या पायऱ्या म्हणजे न वापरलेला तापमापकच आहे. पाकातील पाणी जसजसे उडून जाते, तसतसा त्याचा उत्कलनबिंदू वाढत जातो. एकतारी पाक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तर गोळीबंद पाक ११५ च्या जवळ. लाडू-वड्यांसाठी आपण तेथेच थांबतो. त्यापुढे गेला तर 'पाक जळला' म्हणून हळहळतो. कॅरमल मात्र या हळहळीच्या पलीकडे सुरू होते. पाणी जवळजवळ संपून उष्णता १६० ते १७० अंशांपर्यंत पोचली, की साखरेचा रेणूच मोडू लागतो. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. अशा दोन रेणूंतून पाण्याचे चार रेणू निघून गेले, की कार्बनचे २४, हायड्रोजनचे ३६ आणि ऑक्सिजनचे १८ अणू उरतात. त्या पदार्थास 'कॅरमेलन' म्हणतात. तीन रेणूंतून आठ पाणी गेले, की अधिक गडद 'कॅरमेलेन' होते. (वजाबाकी विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी.) याबरोबरच सुवासिक आणि किंचित कडू अशी अनेक द्रव्ये तयार होतात. एकाच चवीची साखर विस्तवावर धरली असता तिला गोडाबरोबर आंबूस, कडवट आणि खमंग अशा चवी फुटतात. आमच्या मते रसायनशास्त्रातील इतका स्वस्त चमत्कार दुसरा नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. बेळगावचा कुंदा किंवा साताऱ्याचे कंदी पेढे यांचा तांबूस रंग पाहून तेही कॅरमलच, असे पुष्कळांना वाटते. त्यात साखर जळण्याचा अंश असेलही. परंतु मुख्य काम दुधातील प्रथिने आणि शर्करा यांच्या संयोगाचे असते, आणि ते बरेच कमी उष्णतेवर सुरू होते. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. आणि गंमत अशी, की कॉफीचे हिरवट बी दोनशे अंशांच्या वर भाजतात, तेव्हा त्यात मायारची क्रियाही घडते आणि शर्कराही जळते. कॉफी आणि कॅरमल यांची जोडी जिभेला मानवते, याचे कारण बहुधा हेच असावे : दोघांचा जन्म एकाच प्रकारच्या जळण्यातून झालेला आहे.

कृती अशी. जाड बुडाचे, खोल आणि आतून चकचकीत असे स्टीलचे पातेले घ्यावे. काळ्या भांड्यात रंग कळत नाही. त्यात १०० ग्रॅम साखर पसरून मंद आचेवर ठेवावी. कडेची साखर आधी विरघळू लागते. चमच्याने ढवळू नये, गोळे होतात. भांडेच सांडशीने धरून फिरवावे. रंग आधी गवतासारखा पिवळा, मग मधासारखा, मग घासलेल्या तांब्यासारखा होतो. तांब्याचा रंग येताच आच बंद करावी. भांड्यातील उष्णता पुढचे काम करतेच. मधाच्या रंगावर थांबणारांचा पाक नुसता गोड होतो आणि कॉफीपुढे त्याची चव उमटत नाही. धूर निघेपर्यंत थांबणारांच्या हाती कोळसा येतो. या दोहोंमधील अवधी अर्ध्या मिनिटाचाही नसतो. त्या वेळी दाराची घंटा वाजली तरी हलू नये.

मग दुसऱ्या शेगडीवर आधीच उकळून ठेवलेले ८० मिलिलिटर पाणी त्यात थोडेथोडे सोडावे. हे काम मोठ्या माणसानेच करावयाचे आहे. जळती साखर पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सत्तर अंशांनी अधिक तापलेली असते. पाणी पडताच त्याची वाफ होते, आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशेपट असते. म्हणून भांडे खोल हवे, पळी लांब दांड्याची हवी, आणि तोंड दूर हवे. तापलेली साखर अंगावर उडाली तर ती पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून राहते. असे झाल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. हळद, तूप, दंतमंजन वा बर्फ यांतील काहीही लावू नये, आणि भाजणे मोठे असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. पाणी घातल्यावर गाठी झाल्या, तर मंद आचेवर दोन मिनिटे ठेवल्या की त्या विरतात. चिमूटभर मीठ घालून पाक बाटलीत भरावा.

कॉफीविषयी थोडक्यात लिहितो, कारण 'एस्प्रेसो' या शब्दाचा बाऊ उगाच केला जातो. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो याने १८८४ मध्ये वाफेच्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. लुइजी बेझेरा याने १९०१ च्या सुमारास त्यात सुधारणा केल्या. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जिया याच्या दांड्याच्या यंत्रामुळे वातावरणाच्या नऊपट दाबाने पाणी दाबून अर्ध्या मिनिटात दाट अर्क काढता येऊ लागला. त्या दाबामुळे अर्कावर सोनेरी फेस येतो. घरच्या उपकरणांनी तो साधत नाही, हे खरे. परंतु ज्या पेल्यात पुढे दूध आणि बर्फ पडावयाचा आहे, त्यात त्या फेसाचे आयुष्य किती? कारवार-मंगळूरकडील आमच्या लोकांच्या घरी पितळेचे दोन खणांचे फिल्टर असते. या कामास तेच पुरे. दोन पेल्यांसाठी वरच्या खणात २० ग्रॅम कॉफीपूड हलकेच दाबून बसवावी, १२० मिलिलिटर उकळते पाणी ओतावे आणि झाकण लावून स्वस्थ बसावे. पूड सुमारे दुप्पट पाणी पिऊन घेते, त्यामुळे खाली ८० मिलिलिटर दाट डिकॉक्शन मिळते. पुडीत चिकरी असली तरी हरकत नाही. चिकरी हे एका झाडाचे मूळ. त्याची शेती आपल्या गुजरातेतही होते. त्यातील इन्युलिन हे कर्बोदक भाजल्यावर कॅरमलचाच वास देते; आणि चिकरीत कॅफीन मुळीच नसते.

आता बर्फ. घरचे पेय दुकानासारखे होत नाही, पाणचट लागते, अशी तक्रार पुष्कळांची असते, आणि तिचे मूळ येथे आहे. ४० ग्रॅम डिकॉक्शन ८० अंशांवर असताना त्यात बर्फ टाकला आणि ते ५ अंशांपर्यंत आणावयाचे असले, तर ४० गुणिले ७५, म्हणजे ३००० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो. हीच ती सुप्त उष्णता, जिचा शोध जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात लावला. झालेले पाणी ५ अंशांपर्यंत तापताना आणखी ५ कॅलरी घेते. ३००० भागिले ८५, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम बर्फाचे पाणी झाले! चाळीस ग्रॅम कॉफीत पस्तीस ग्रॅम पाणी पडल्यावर चव राहणार कोठून? तेच डिकॉक्शनचे भांडे आधी माठातल्या पाण्याने भरलेल्या पसरट पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून ३० अंशांपर्यंत निवविले, तर काढावयाची उष्णता केवळ १००० कॅलरी उरते आणि बर्फ १२ ग्रॅमच वितळतो. पहिले पन्नास अंश फुकटच्या पाण्याने काढावे, शेवटचे पंचवीस बर्फाने. ज्यांना तेवढेही पाणी नको, त्यांनी थोड्या डिकॉक्शनचाच बर्फ करून ठेवावा.

कॅरमल पाकरूपानेच का घालावयाचे, याचेही उत्तर विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. थंड पाण्यात साखर विरघळत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते बरोबर नाही. शून्य अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यातही सुमारे १८० ग्रॅम साखर मावते. उणीव विद्राव्यतेची नसून वेगाची आहे : थंड पाण्यात कण इतके सावकाश विरतात, की पेला संपतो आणि साखर तळाशी राहते. पाकात ती आधीच विरघळलेली असते.

पेला भरताना घनता ध्यानात ठेवावी. प्रथम तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर पाक. त्यात जवळपास १० ग्रॅम साखर येते. मग चार-पाच बर्फाचे तुकडे, त्यावर फ्रिजमधील १२० मिलिलिटर सायीचे दूध. शेवटी चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून ४० मिलिलिटर डिकॉक्शन अगदी सावकाश सोडावे. पाक दुधाहून जड, दूध डिकॉक्शनहून किंचित जड. म्हणून तीन थर आपोआप राहतात. थरांचे कौतुक क्षणभर करून मग मात्र ढवळून प्यावे, नाहीतर आरंभी कडू आणि शेवटी गोड असे दोन वेगळे घोट पदरी पडतात.

एक गोष्ट मात्र परीक्षेच्या दिवसांकडे पाहून लिहिणे अवश्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर उकाळ्याच्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असल्याचे म्हटले असून, दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्लाही तेथे आहे, कारण त्यांतील टॅनिनांमुळे अन्नातील लोह शरीरास कमी मिळते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी शरीराच्या दर किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅम ही पातळी धरली. ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलास त्या हिशेबाने १२० मिलिग्रॅम होतात. वर सांगितलेला एकच पेला जवळजवळ तेथवर पोचतो. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरते. रात्री नऊ वाजता प्यालेली कॉफी दोन वाजता अर्धी जागीच असते, आणि सकाळी गणिताचा पेपर असतो. मुलांच्या पेल्यात २० मिलिलिटरपेक्षा अधिक डिकॉक्शन घालू नये, आणि तेही दुपारीच द्यावे. अगदी लहानांना कॉफी वगळून नुसते दूध, बर्फ आणि जळक्या साखरेचा पाक द्यावा. चव त्यांना कॉफीहून अधिक आवडते, असा आमचा अनुभव आहे.

उरलेला पाक फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकतो. शिऱ्यावर, दह्यावर किंवा भाजलेल्या केळ्यावर तो उत्तम लागतो. पातेल्याला घट्ट बसलेली साखर खरवडत बसू नये. त्यात पाणी घालून एक उकळी आणावी, ती आपोआप सुटते.