परसातील सुतारशाळा

प्रश्न : रत्नागिरीस घरामागे सुतारकामासाठी स्वतंत्र खोली बांधावयाची आहे. लांबी-रुंदी किती ठेवावी?

उत्तर : भिंतींचे माप ठरविण्यापूर्वी कामाचे माप पाहावे, कारण 8 फुटी प्लायवूडचा तक्ता यंत्रावरील चक्री करवतीतून उभा चिरताना पात्याच्या अलीकडे आणि पलीकडे प्रत्येकी 8 फूट जागा मोकळी लागते, सबब लांबी 20 फुटांहून कमी ठेवू नये, रुंदीस 12 पुरे. खिडक्या उत्तरेस असाव्यात, कारण तिकडचा प्रकाश दिवसभर बहुतांशी स्थिर राहतो. नैऋत्येस मात्र, पावसाचा मुख्य मारा तिकडूनच येत असल्याने, भिंत बंद ठेवून छप्पर चांगले पुढे काढावे. जोते उंच घ्यावे. शोभेच्या ओट्यावर होणारा खर्च मला तरी अनाठायी वाटतो. त्याऐवजी ग्राइंडरसाठी भुशापासून दूर, वेगळा कोपरा राखावा.