सात महिन्यांचे मानधन, बारा महिन्यांचे घर

दहावी-बारावीचे निकाल आणि फुटबॉलच्या स्थानिक हंगामाची अखेर या दोन्ही गोष्टी उन्हाळा सरताना एकाच सुमारास येत असल्यामुळे, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या पट्ट्यातील करिअर समुपदेशकांपुढे दर वर्षी मे-जून महिन्यांत तोच प्रश्न येऊन ठेपतो. मुलगा फुटबॉल चांगला खेळतो, एखाद्या संघाने त्याला मानधन देऊ केले आहे किंवा एखाद्या खासगी निवासी अकादमीने प्रवेश देऊ केला आहे, तेव्हा शिक्षण दोन वर्षे बाजूला ठेवले तर चालेल काय, असे पालक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मुलाचे कौशल्य कमी पडते म्हणून हे उत्तर द्यावे लागते असे नाही. भारतातील फुटबॉलचे वेळापत्रक आणि त्यातील पैशाची वाटणी ज्याने एकदा नीट तपासली आहे त्याला दुसरे उत्तर देता येत नाही.

फिफा या जागतिक संघटनेच्या नियमांत खेळाडूंचे दोनच वर्ग मानलेले आहेत. ज्याच्याकडे क्लबशी केलेला लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्यासाठी प्रत्यक्ष येणाऱ्या खर्चापेक्षा अधिक रक्कम मिळते तो व्यावसायिक होय, आणि उरलेले सर्व हौशी. प्रत्यक्षात मात्र देशातील पैसे घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंचा फार मोठा भाग या दोहोंच्या मध्ये उभा असतो, कारण त्याला पैसे मिळतात पण लेखी करार नसतो, किंवा करार असतो पण तो वर्षातील काही महिन्यांपुरताच असतो. अशा खेळाडूस अर्धव्यावसायिक म्हणण्याचा प्रघात असून प्रस्तुत विवेचन त्याच्याविषयीच आहे, कारण अकादमीच्या जाहिरातीत ज्याचे छायाचित्र असते तो खेळाडू आणि तिची फी भरणारा मुलगा पुढे ज्या वर्गात जाऊन बसतो तो खेळाडू हे सहसा वेगवेगळे असतात.

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे, कारण तेथे फुटबॉलवर प्रेम नाही असे कोणीही म्हणू शकणार नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस, फुलेवाडी अशी पेठापेठांची तालीम मंडळे आणि क्लब छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, लीगमध्ये उतरतात. त्यानंतर निरनिराळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा होतात, सामन्यागणिक सामनावीर आणि लढवय्या खेळाडू निवडले जातात, आणि परदेशी खेळाडूही हंगामापुरते करारबद्ध होतात. हिवाळ्यात सुरू झालेला हा सारा व्यवहार पावसाच्या तोंडावर थांबतो. मैदान बंद होते त्याच दिवशी बहुतेक खेळाडूंचे मानधनही बंद होते, आणि पुढील हंगामाच्या खेळाडू नोंदणीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, खेळाडू कोणाच्याही हजेरीपटावर नसतो. मंडळाने शब्द पाळला तर ठीक. न पाळल्यास दाद मागायला हातात कागद नसतो, कारण ही बोलणी बहुधा पेठेतल्या ओळखीवर आणि तोंडी झालेली असतात.

या स्थितीचा हिशेब पालकांनी स्वतः मांडून पाहणे आवश्यक आहे. समजा, एका मुलास महिना 15,000 रुपये या दराने 7 महिने मानधन मिळते, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न 1,05,000 रुपये होते, आणि ते 12 महिन्यांवर पसरले असता दरमहा 8,750 रुपये उरतात. यातून बुटांचे निदान दोन जोड, दूध-अंडी-मटणाचा रोजचा खुराक, व्यायामशाळेचे शुल्क, सरावाला जाण्याचे पेट्रोल आणि एखाद्या स्नायूच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे घातलेल्या खेपा वजा केल्या म्हणजे घरी देण्यासाठी काय राहते, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. पालक चर्चेत नेहमी 15,000 हा आकडा धरून बसतात, 8,750 हा आकडा कोणी उच्चारत नाही, आणि ‘महिना पंधरा हजार कमावतो’ असे नातेवाइकांत एकदा सांगून झाल्यावर तो दुरुस्त करणेही जड जाते.

रिकाम्या महिन्यांची ही पोकळी खेळाडू जेथे पैसे मिळतील तेथे खेळून भरून काढतो, आणि धोक्याचा खरा भाग येथून सुरू होतो. केरळच्या मलबार भागात, विशेषतः मलप्पुरम आणि कोझिकोडमध्ये, तसेच त्रिशूरच्या परिसरात, ‘सेव्हन्स’ नावाचा सात-सात खेळाडूंचा खेळ तात्पुरत्या प्रेक्षागॅलऱ्या उभारून रात्रीच्या दिव्यांत खेळला जातो. तेथे प्रत्येक सामन्याचे रोख पैसे मिळतात, आणि त्यासाठी आफ्रिकेतून खेळाडू येतात. 2018 मधील ‘सुदानी फ्रॉम नायजेरिया’ हा मल्याळम चित्रपट याच जगावर बेतलेला आहे. बंगालमध्ये क्लबचे काम नसताना गावोगावच्या स्पर्धांत एका सामन्यापुरते भाड्याने खेळण्यास ‘खेप’ म्हणतात, आणि कोलकात्याच्या मैदानावर नाव मिळवलेले अनेक खेळाडू खेपेच्या पैशावर घर चालवत आले आहेत. गोव्यात गावा-गावांच्या आणि वाड्या-वाड्यांच्या स्पर्धा हेच काम करतात.

या स्पर्धांची टिंगल करणे अन्यायाचे होईल, कारण मान्यताप्राप्त क्लब जे देत नाहीत ते, म्हणजे सामना संपताच रोख रक्कम, त्या देतात. तथापि त्यांच्यातील तीन दोष मुलाच्या भवितव्याशी थेट निगडित आहेत. संघटनेची मान्यता नसलेल्या स्पर्धेत नोंदणीकृत खेळाडू उतरला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते, म्हणून अनेकजण टोपणनावाने खेळतात आणि त्यांच्या चांगल्या खेळाची नोंदच कोठे राहत नाही. तेथील कामगिरीचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या आरक्षणास चालत नाही. तिसरा दोष सर्वांत महाग पडतो. गुडघ्यातील मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा अँटिरिअर क्रूशिएट लिगामेंट हा अस्थिबंध, ज्यास मैदानावर सारेजण ‘एसीएल’ म्हणतात, तो कठीण किंवा खड्ड्यांच्या जमिनीवर पाय अडकून वळला की तुटू शकतो. त्यावर शस्त्रक्रिया झाल्यास मैदानावर परतण्यास साधारणपणे 9 महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो. क्लबच्या अधिकृत सामन्यात ही इजा झाली तर निदान क्लबचे दार ठोठावता येते. एका रात्रीच्या स्पर्धेत झाली तर आयोजक दुसऱ्या दिवशी मांडव सोडून गेलेला असतो, आणि रुग्णालयाचे बिल वडिलांच्या नावावर येते.

हंगाम संपला की हात आखडता घेण्याची ही रीत भारताने शोधलेली नाही. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत खेळाडूंच्या वेतनावर आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती 17 पौंडांवर येई. प्रेस्टनचा विख्यात खेळाडू टॉम फिनी प्लंबरचा व्यवसाय सांभाळून देशासाठी खेळला. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिला तेव्हा कोठे ती मर्यादा हटली. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत व्यावसायिक खेळाडूंपैकी सुमारे 45 टक्क्यांचे मासिक उत्पन्न 1,000 डॉलरहून कमी आणि सुमारे 41 टक्क्यांचे वेतन मागील दोन हंगामांत कधी ना कधी थकलेले आढळले, आणि हे लेखी करार असलेल्यांचे चित्र आहे.

यावर पालकांचे ठरलेले उत्तर असे असते की मुलाला पेठेत खेळायचेच नाही, त्याला इंडियन सुपर लीगमध्ये जायचे आहे. त्यासाठी कोल्हापूरच्याच अनिकेत जाधवचे नाव घेतले जाते, जो 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या 21 जणांच्या चमूत होता. तो घडला तो पुण्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीतून, याकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि लाखांची फी घेणाऱ्या अकादमीला त्याच्या नावाचा फुकट फायदा मिळतो. वरच्या थराची शाश्वतीही कागदावरचीच आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना दिलेल्या व्यापारी हक्कांच्या नूतनीकरणाचा निर्णय न झाल्यामुळे जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा आगामी हंगाम थांबवण्यात आला, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित केल्याचे जाहीर केले. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता जेसीटी संघ 2011 मध्ये बंद झाला, मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्या वर्षी गेला, आणि पुणे एफसी तर एक दशकही धड टिकला नाही. देशातल्या पहिल्या रांगेत जेथे ही अवस्था आहे तेथे तिसऱ्या-चौथ्या रांगेतील करारावर सोळा वर्षांच्या मुलाचे शिक्षण पणाला लावणे हा जुगार आहे, आणि तो मुलाच्या पैशाने खेळला जातो.

पालकांविषयी येथे थोडे रोखठोक लिहिणे भाग आहे. पूर्वी मुलाला मैदानावरून ओढून अभ्यासाला बसवणारा बाप हा समुपदेशकांचा नेहमीचा विषय असे. आता अभ्यासावरून उठवून मैदानावर ढकलणारा बापही तितकाच आढळतो. बाकड्यावर बसवलेल्या मुलासाठी प्रशिक्षकाशी भांडणे, दुखऱ्या घोट्यावर पट्टी बांधून ‘एवढा सामना खेळून घे’ म्हणणे आणि घरातल्या मुलीच्या फीला कात्री लावून अकादमीचा हप्ता भरणे, या तिन्ही गोष्टी प्रेमाच्या नावाखाली होतात, आणि तिन्हींचे ओझे मुलाच्या खांद्यावर येते. आपल्यासाठी बहिणीचे शिक्षण अडले हे ज्याला ठाऊक आहे असा मुलगा खेळ सोडावासा वाटला तरी सोडू शकत नाही. त्याला स्वतंत्रपणे विचारले तर अनेकदा तो शनिवारी-रविवारी खेळून आनंदात राहील असे दिसून येते. हा पर्याय घरात कोणी त्याच्यासमोर ठेवलेलाच नसतो.

नेहमीचे मार्ग थोडक्यात सांगता येतील. पदवी पूर्ण करताना विद्यापीठाच्या आणि राज्याच्या संघासाठी खेळावे. महाराष्ट्र शासनाच्या 1 जुलै 2016 च्या निर्णयानुसार शासकीय सेवेत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण असून त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतील ठरावीक कामगिरी आणि तिच्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते. रेल्वे, सेनादले आणि पोलीस यांची खेळाडू भरती अद्याप होते, जरी जागा पूर्वीइतक्या नाहीत. बी.पी.एड. करून शाळेत शिक्षक होणे किंवा महासंघाच्या ‘डी’ परवान्यापासून प्रशिक्षणाची पायरी चढणे हेही परिचित मार्ग आहेत.

ज्या मार्गाकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही तो पंचाचा आहे. मैदानावर शिव्या खाणारा माणूस व्हावे असे कोणत्याही मुलाला वाटत नाही, हे खरे. पण रिकाम्या महिन्यांचा प्रश्न ज्या थोड्या कामांत सुटतो त्यांत हे एक आहे. शालेय, आंतरमहाविद्यालयीन, कंपन्यांच्या आणि लहान मैदानांवरील पाच-पाच जणांच्या स्पर्धा वर्षभर कोठे ना कोठे चालू असतात आणि प्रत्येकीला पंच लागतात. मोबदला सामन्यागणिक मिळतो, अंगावर कोणी आडवा येत नाही, आणि नोकरी किंवा पदवी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे काम करता येते. खेळाचे नियम एकंदर 17 आहेत. ते पाठ असणे आणि धावपळीत अर्ध्या सेकंदात लावता येणे यांतले अंतर भरून काढण्यास जो खेळलेला आहे त्यालाच कमी कष्ट पडतात. शारीरिक कसही कमी लागत नाही: आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांसाठी अनेक वर्षे वापरात असलेल्या चाचणीत 40 मीटरच्या सहा वेगवान धावा आणि त्यानंतर 75 मीटर धावणे व 25 मीटर चालणे यांची 40 आवर्तने असतात, म्हणजे एकंदर 4 किलोमीटर. मुलींसाठी तर हा मार्ग अधिकच मोकळा आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी 2016 च्या 17 वर्षांखालील महिला विश्वचषकात सहायक पंच म्हणून काम केले. जिल्हा संघटनेकडे किंवा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे ‘विफा’कडे, पंच परीक्षेची चौकशी करण्यास एक फेरी पुरते.

ज्यांना तरीही पैसे घेऊन खेळायचेच आहे त्यांनी शिक्षण किंवा नोकरी न सोडता जरूर खेळावे, कारण अर्धव्यावसायिक फुटबॉल हे दुसरे उत्पन्न म्हणून उत्तम आहे. मात्र करार लेखी असावा, त्यात मानधन किती महिन्यांचे आहे, हंगामाबाहेर ते मिळणार की नाही, दुखापतीचा खर्च कोण करणार आणि अन्यत्र खेळण्यास मनाई आहे काय, या चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात, आणि त्याची एक प्रत घरात असावी, कारण मानधन थकल्यास महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीपुढे तोच कागद चालतो. या चारांपैकी एकही गोष्ट लिहून देण्यास संघ तयार नसेल, तर पालकांनी त्या कागदावर सही करू नये.