शनवारचा थांबलेला घाणा



"वेळ मिळाला नाहीं" हें वाक्य शाळेंत जितक्या वेळां ऐकूं येतें, तितकें दुसरें क्वचितच येत असेल. निबंध कां राहिला? वेळ मिळाला नाहीं. आजीस पत्र कां लिहिलें नाहीं? वेळ मिळाला नाहीं. सकाळच्या प्रार्थनेविषयीं विचारलें तरी उत्तर तेंच. हें पालुपद केवळ मुलांचेंच आहे असें नव्हे. पालक, शिक्षक व मंडळीचे पंच हेहि तें तितक्याच सहजपणें म्हणतात. प्रस्तुत लेखकहि त्यांतलाच एक. तेव्हां हा वेळ मिळतो तरी कोठून, ह्याचा आज थोडा विचार करूं.

गेल्या मे महिन्याच्या सुटींत मीं दोन दिवस रायगड जिल्ह्यांतील काशीद येथें काढले. अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या वाटेवर, समुद्राला लागूनच हें गांव आहे. पांढरी वाळू, कांठाला सुरूचीं झाडें आणि समोर अरबी समुद्र. तपासावयाच्या पेपरांचा एक गठ्ठा मीं तेथेंहि बरोबर नेला होता! ह्या किनाऱ्यावरील कोळी होडी काढतात ती भरती-ओहोटी पाहून. भरतीची वेळ दररोज सुमारें ५० मिनिटें पुढें जाते. ती चुकली तर होडी जागच्या जागीं अडते. कोळ्याचा वेळ अशा रीतीनें समुद्रच ठरवितो. परंतु प्रार्थना, घर आणि सेवा ह्यांना भरती येत नाहीं. त्यांची वेळ चुकली तर कांहीं अडलें आहे असें लगेच दिसतहि नाहीं. तो वेळ ज्याचा त्यानेंच राखून ठेवावा लागतो. ह्याचा एक उत्तम धडा ह्याच किनाऱ्यानें आपल्याला दिला आहे.

१. देवासाठीं राखलेला वेळ

पूर्वीं कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्यांत बेने-इस्राएल लोक शेंकडों वर्षें राहत आले. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळील नवगांवच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा आहे. चौलचे ते चेऊलकर, रेवदंड्याचे ते रेवदंडेकर, अशीं त्यांचीं आडनांवें, भाषा मराठी, धंदा बहुतेकांचा तेल गाळण्याचा. काळाच्या ओघांत हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले, धर्मग्रंथहि हातीं राहिले नाहींत. परंतु शब्बाथ ते विसरले नाहींत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारच्या लोकांनीं त्यांना नांव दिलें "शनवार तेली".

ह्या नांवाचें मर्म लक्षांत घ्या. सहा दिवस घाणा फिरे, तेव्हां ते इतर तेल्यांसारखेच दिसत. ज्या दिवशीं घाणा थांबे, त्या दिवसावरून लोकांनीं त्यांना ओळखलें. थांबण्यांत तोटा होताच. त्या दिवसाचें तेल निघत नसे, आणि त्याचा पैसाहि येत नसे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायांतील आज्ञेंत तर चाकर व गुरेंढोरें ह्यांनाहि विसांवा सांगितला आहे. म्हणजे घाण्याच्या बैलालाहि तो दिवस हक्काचा. १९४८ नंतर ह्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं, परंतु त्यांचें तें जुनें नांव कोंकण विसरलें नाहीं.

आपल्या प्रभूचा कित्ताहि असाच आहे. मार्काच्या पहिल्या अध्यायांत कफर्णहूम येथील एका संध्याकाळचें वर्णन आहे. सारें नगर दाराशीं लोटलें होतें, आणि पुष्कळ रोगी बरे झाले. दुसऱ्या दिवशीं मोठ्या पहाटे उठून प्रभु एकांतीं प्रार्थनेस गेला. शिष्यांनीं येऊन सांगितलें कीं, सर्व लोक तुला शोधीत आहेत. काम संपलें नव्हतें. तरीहि प्रार्थनेचा वेळ राखला गेला होता. काम संपल्यावर प्रार्थना करूं असें म्हणणाऱ्याचें काम कधींच संपत नाहीं.

२. घरच्या माणसांसाठीं राखलेला वेळ

काशीदच्या उत्तरेस, किल्ल्याच्या पायथ्याशीं, कोर्लई गांव आहे. पोर्तुगीजांनीं १७४० मध्यें चौल सोडलें. परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांच्या घरांत पोर्तुगीजपासून निघालेली एक बोली अजून बोलली जाते. बोलणारीं माणसें हजाराच्या आंतबाहेर. भोंवतालीं सर्वत्र मराठी असतां ही बोली इतकीं वर्षें टिकली, कारण प्रत्येक पिढींतील आईबाप चुलीपाशीं व ओटीवर मुलांशीं ती बोलत राहिले. जें घरांत रोज बोललें जातें तें टिकतें. श्रद्धेचेंहि असेंच आहे, आणि मायेचेंहि.

येथें मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. एका वर्षीं नाताळापूर्वीं गरिबांसाठीं कपडे गोळा करण्याचें काम मीं अंगावर घेतलें होतें. महिनाभर रोज संध्याकाळीं मी बाहेर असें. घरीं माझी वृद्ध आई. मोतीबिंदूमुळें तिला वाचतां येत नसे. रोज रात्रीं एक स्तोत्र वाचून दाखव, एवढेंच तिचें मागणें. मी म्हणें, "उद्यां, आई." नाताळ झाल्यावर मी पुस्तक घेऊन तिच्यापाशीं बसलों, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, "असूं दे रे बाबा. आतां मी पाठ येतात तेवढींच म्हणतें." तिनें वाट पाहणें सोडून दिलें होतें. पुढच्या पावसाळ्यांत ती देवाघरीं गेली.

मार्काच्या सातव्या अध्यायांत, आईबापांना द्यावयाचें तें "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलें आहे, असें म्हणून मोकळें होणाऱ्यांना प्रभूनें खडसावलें आहे. तो अध्याय मीं वर्गांत कितीदां तरी शिकविला होता. त्यांतील दोष माझ्यावरहि येतो, हें मला त्या रात्रीं कळलें.

३. सेवेसाठीं राखलेला वेळ

मग सेवा सोडावी काय? मुळींच नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून निराश्रित मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगांवीं मुक्तिसदन वसविलें. पुढें १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या संसारांत मोकळा वेळ कोठून येणार? तरीहि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठींत बायबलचें भाषांतर करावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या, आणि वर्षानुवर्षें थोडें थोडें करीत तें काम चालविलें. १९२१ मध्यें त्यांची कन्या व उजवा हात मनोरमाबाई वारल्या. तरी लेखणी थांबली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वीं भाषांतर पुरें झालें होतें. मोठी सेवा एका मोठ्या सुटींत होत नसते. ती राखून ठेवलेल्या लहान घटकांतून उभी राहते.

बालमित्रहो, एका आठवड्यापुरतें एवढें करून पाहा. रोज एक घटका देवासाठीं, एक घरांतील वृद्ध किंवा धाकट्या माणसासाठीं, आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ दुसऱ्याच्या कामासाठीं आधीं राखा. उरलेल्या वेळांत बाकीचीं कामें बसवा. पालकांसहि विनंती कीं, मुलांच्या ह्या घटकेंत त्यांना दुसरें काम सांगूं नये, आणि आपलाहि घाणा तेवढा वेळ थांबवावा.

मननासाठीं प्रश्न

१. तुमच्या घरीं तुमची वाट पाहणें कोणी सोडून दिलें आहे काय?
२. कोणतें चांगलें काम तुम्ही दुसरें कर्तव्य टाळण्यासाठीं पुढें करतां?
३. तुम्ही काय थांबवितां, ह्यावरून लोकांनीं तुम्हांस नांव द्यावयाचें ठरविलें, तर तें नांव काय असेल?